निकी लाउडा आणि 1984 चा अर्धा गुण

प्रश्न : निकी लाउडा यांनी 1984 चे फॉर्म्युला वन विश्वविजेतेपद मॅक्लारेन संघातील आपलेच सहकारी आलाँ प्रोस्त यांच्यापेक्षा अवघ्या अर्ध्या गुणाने जिंकले. हा अर्धा गुण मुळात आला कोठून?

प्रतिसाद 1 : तो मोनॅकोच्या पावसातून आला. तेथील 77 फेऱ्यांची शर्यत मुसळधार पावसामुळे 31 फेऱ्यांवरच संपवण्यात आली आणि नियमानुसार निम्मे गुण देण्यात आल्याने विजेत्या प्रोस्त यांना नऊऐवजी साडेचार गुण मिळाले. गंमत म्हणजे, शर्यत पूर्ण होऊन ते दुसरे आले असते, तरी सहा गुणांच्या बळावर विजेतेपद त्यांचेच झाले असते. कारण लाउडा त्या शर्यतीतून आधीच बाद झाले होते.

प्रतिसाद 2 : तरीही हे यश निव्वळ नशिबाचे मानू नये. प्रोस्त यांनी त्या वर्षी सात शर्यती जिंकल्या, लाउडा यांनी पाच; परंतु पोर्तुगालमधील एस्तोरिलच्या अखेरच्या शर्यतीत अकराव्या स्थानावरून सुरुवात करून लाउडा दुसरे आले, आणि त्यांना नेमके तेवढेच हवे होते.

प्रतिसाद 3 : लाउडा यांच्या 1976 च्या हंगामाचाही उल्लेख व्हायला हवा. जर्मनीतील नुर्बुर्गरिंगवर अपघातात गंभीररीत्या भाजल्यानंतर केवळ सहा आठवड्यांनी ते इटलीतील मोंझाच्या शर्यतीत चौथे आले; पुढे जपानमधील फुजीच्या अखेरच्या शर्यतीत पावसात मात्र त्यांनी स्वतःहून गाडी थांबवली आणि प्रतिस्पर्धी जेम्स हंट एका गुणाने विश्वविजेते ठरले. माझ्या मते तो निर्णय त्यांच्या कोणत्याही विजयापेक्षा अवघड होता.