कोण म्हणजे कोण?

कागदकात्री : मुलांसाठी ग्रीक पुराणकथा मराठीत आणतेय आणि पहिल्याच पानावर नावांपाशी गाडी अडलीय. झ्यूस, झूस की झेउस? अथीना की अथेना? आणि त्या प्रेमदेवतेचं काय करायचं? ॲफ्रोडायटी लिहून आईला वाचून दाखवलं, तर म्हणते, "ही डाएटवाली देवी कोण गं?" काहीतरी एक धोरण सुचवा.

थोरला बोरू : इंग्रजीच्या तोंडून नावं घेऊ नका, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं. जुन्या ग्रीकमध्ये तिच्या नावातला फ हा आपल्या फुलातला फ, ओठ मिटून म्हणायचा. थ आपल्या थाळीतला, ख खणातला. म्हणजे ही नावं रोमन लिपीपेक्षा देवनागरीत जास्त नीट बसतात. आथेना, अफ्रोदीते असं लिहा. शेवटी ई नाही, ए. झ्यूस मात्र रुळलाय, त्याला हात लावू नका. त्याची गंमत वेगळीच आहे: या नावाची षष्ठी होते 'दिओस', आणि तिथे आपला वेदातला द्यौस् दिसायला लागतो. रोमनांचा ज्युपिटर म्हणजे सरळसरळ द्यौष्पितर.

चहाबाज : मग देव या अर्थाचा त्यांचा 'थेओस' आणि आपला 'देव' हेही भाऊच की!

थोरला बोरू : तिथेच सगळे घसरतात. लॅटिनचा 'देउस' देवाचा भाऊ, पण थेओसचं कूळ वेगळं आहे. तसाच दुसरा फसवा जोड म्हणजे उरानोस, त्यांचा आकाशदेव, आणि वरुण. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी विद्वान मंडळी ही जोडी लावत. आता बहुतेक भाषाशास्त्रज्ञ उरानोसला 'वृष्', म्हणजे पाऊस पडणे, या धातूकडे नेतात. आणि आपला पाऊस आला प्रावृष् वरून, म्हणजे तोही वृष्‌चाच. त्यामुळे उरानोसचा खरा सोयरा वरुण नव्हे, आपला पाऊस.

पंचांगवाला : उशिरा आलो. ताई, यातल्या काही देवांची देशी नावं दीड हजार वर्षांपूर्वीच ठरून गेलीत. वराहमिहिराचा ज्योतिषग्रंथ बृहज्जातक काढा (सहावं शतक). दुसऱ्या अध्यायात ग्रहांची पर्यायी नावं दिलीत. सूर्य म्हणजे हेलि, हा त्यांचा हेलिओस. मंगळ म्हणजे आर, हा आरेस. बुध म्हणजे हेम्न, हा हर्मेस. आणि शुक्र? आस्फुजित्! हीच तुमची डाएटवाली. नुसतं कानावर आलेलं परकं नाव घेतलं, फ शाबूत ठेवला आणि शेपटीला 'जित्' लावून इंद्रजिताच्या पंगतीत बसवलं. भाषांतर असावं तर असं. आणि शनीचं नाव आहे कोण, म्हणजे क्रोनोस.

चहाबाज : कोण?

पंचांगवाला : होय, कोण.

कागदकात्री : 😄 पण शुक्र तर पुरुष. असुरांचा गुरू, तोही एकाक्ष. त्याच्यावर प्रेमदेवतेचं नाव कसं चिकटलं?

पंचांगवाला : ग्रह तोच ना! ग्रीकांकडे तो तिचा, आपल्याकडे भृगुपुत्राचा. माझं मत सांगतो. नाव टिकलं नाही, खातं टिकलं. लग्न, शृंगार, अत्तरं, दागिने, ऐषआराम हे सगळं पत्रिकेत शुक्राकडे का? दाढीवाल्या शुक्राचार्यांचा त्याच्याशी काय संबंध? ती तिची मिळकत आहे, ग्रहाबरोबर आली.

अजून एक, आणि हा शब्द तुम्ही सगळे वापरता. "माझा होरा चुकला" म्हणतो ना आपण? होरा म्हणजे ग्रीक 'होरा', ऋतू किंवा वेळ. त्यांच्या होराई या ऋतूंच्या देवता, झ्यूसच्या लेकी. इलियडमध्ये स्वर्गाच्या दारावर त्यांचा पहारा आहे. आपल्याकडे होरा शब्द आला तो ज्योतिषाबरोबर. मग वेळेवरून भाकीत आणि भाकितावरून साधा अंदाज. वराहमिहिर असंही नोंदवतो की काहींच्या मते अहोरात्र शब्दाची पहिली-शेवटची अक्षरं गाळून होरा झाला. व्युत्पत्ती झकास आहे, खरी नाही.

वारांचा क्रमही याच होऱ्यांतून निघतो. शनी, गुरू, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र ही मंद ते शीघ्र अशी रांग मांडा आणि तासाला एक ग्रह द्या. शनिवारी पहिला तास शनीचा. चोवीस तास मोजून झाले की पंचविसावा येतो रवीचा, म्हणून दुसऱ्या दिवशी रविवार. पुढे त्याच रीतीने सोम, मंगळ. बोटांवर करून बघा.

घाटावरचा : आमच्या कोल्हापुरात या मंडळींपैकी एकजण कायमचा मुक्कामाला आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत १९४० च्या दशकात ब्राँझच्या वस्तू निघाल्या, त्यात पोसायडनची, ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी मूर्ती आहे. टाउन हॉलच्या संग्रहालयात बघायला मिळते. लहानपणी आम्हाला वाटायचं, कुणीतरी पैलवानच.

थोरला बोरू : मग नाशिक का मागे? पांडवलेण्यांतल्या १७ व्या लेण्यात एका योनकाचा, म्हणजे यवनाचा, ग्रीकाचा, दानलेख आहे. त्याचं नाव इंद्राग्निदत्त, बाप धर्मदेव, आणि गावावरून तो 'दातामितियक', म्हणजे दत्तामित्रीचा राहणारा. हे गाव देमेत्रिओस या ग्रीक राजाच्या नावाचं मानतात. देमेत्रिओस म्हणजे देमेतेरचा, धान्यदेवीचा. दत्त आणि मित्र या दोन घरगुती शब्दांमागे ती बाई बसलीय, आणि लेणं पाहणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो.

कागदकात्री : ठरलं. पुस्तकात अफ्रोदीते, आथेना, झ्यूस. आस्फुजित् तळटीपेत, नाहीतर मुलं त्याला राक्षस समजतील. आता दिओनिसोसचं सांगा. मद्याचा देव म्हटलं की संपादकबाईंची भुवई वर जाते, द्राक्षांचा देव चालेल का?

चहाबाज : नाशिककरांना विचारा.