मदत हवी आहे : बर्गंडीच्या ड्यूक शार्लचं बिरुद मराठीत कसं लिहावं?

आठवी-नववीच्या मुलांसाठी बर्गंडीच्या (आजच्या फ्रान्समधला एक प्रांत) ड्यूक घराण्याचा वंशवृक्ष मराठीत करतोय. चार पिढ्या आहेत: फिलिप, त्याचा मुलगा जाँ, नातू फिलिप आणि पणतू शार्ल (जन्म १४३३, १४७७ मध्ये नान्सीच्या लढाईत ठार).

अडलंय ते बिरुदांपाशी. इंग्रजी पुस्तकांत पणजोबा फिलिप आणि पणतू शार्ल दोघांनाही 'बोल्ड' म्हणतात, म्हणून मी दोघांपुढे 'धाडसी' लिहिलं आणि तक्त्यात गोंधळ झाला. फ्रेंचमध्ये मात्र फिलिप 'आर्दी' आणि शार्ल 'तेमेरेर'. दुसऱ्या शब्दात अविचाराची छटा आहे, आणि ती महत्त्वाची वाटते, कारण ऐन जानेवारीच्या थंडीत नान्सीचा वेढा न सोडल्यानेच तो संपला. मागे एकुलती एक मुलगी मारी राहिली. तिने त्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजघराण्यातल्या माक्सिमिलियानशी लग्न केलं आणि बर्गंडीच्या ताब्यातलं नेदरलँड्स हाब्सबर्गांकडे गेलं.

'उतावळा', 'बेदरकार', 'आततायी' करून पाहिले. पहिला पोरकट वाटतो, दुसरा आजच्या गाडी चालवणाऱ्यांना चिकटलाय, तिसऱ्यात दुष्टपणा येतो. चौकटीत एकच शब्द मावेल, तळटीपेला जागा नाही. मधल्या दोघांसाठी 'निर्भय' आणि 'सज्जन' ठरलेत, ते बदलायचे नाहीत.

नात्यांचंही एक. शार्लची दुसरी बायको इझाबेल त्याची सख्खी आतेबहीण होती. मुलांना ते कळावं म्हणून दोन घराण्यांमध्ये दुहेरी रेघ काढली आहे.

फ्रेंच जाणणाऱ्यांनी सांगावं: 'तेमेरेर'साठी शूरपणा आणि अविचार दोन्ही पेलणारा एक मराठी शब्द कोणता?