मदत हवी आहे: पोस्टग्रेस, रेडिस आणि जावा एकाच सर्व्हरवर, ओव्हरकमिट कशावर ठेवू?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीमधल्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात सर्व्हरचं काम माझ्याकडे आहे. सर्व्हर एकच आहे आणि नजीकच्या काळात दुसरा येणार नाही, हे धरूनच सल्ला द्यावा ही विनंती. ३२ जीबी रॅम, २ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा), अल्मालिनक्स ९. त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस (शेअर्ड बफर्स, म्हणजे त्याच्या सगळ्या प्रोसेसची सामाईक मेमरी, ८ जीबी), रेडिस हा डेटा मेमरीत ठेवणारा सर्व्हर (डेटा साधारण ४ जीबी) आणि रिपोर्ट काढणारा जावा सर्व्हर (हीप म्हणजे त्याची कामाची मेमरी ४ जीबी, सुरू होतानाच पूर्ण घेतो) असे तिघं आहेत.

पाळी सुटली की जॉबर (लूमवरचे मुकादम) प्रत्येक लूमचे पीस टॅबवर भरतात. नोंद आधी रेडिसच्या रांगेत जाते, तिथून पोस्टग्रेसमध्ये. शनिवारी याच नोंदींवरून आठवड्याची मजुरी निघते. कामगारांना पीसवर पैसे मिळतात, त्यामुळे एक नोंद हरवली तरी कुणाच्या तरी पगारातून पैसे जातात. म्हणून अंदाजाने आकडे बदलत बसायचं नाहीये, नीट समजून घ्यायचंय.

आधी असं व्हायचं की शनिवारी सगळ्या खात्यांचा हिशोब एकदम सुरू झाला की ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) पोस्टग्रेसची एखादी प्रोसेस मारायचा. एक जरी अशी मेली तरी शेअर्ड मेमरी बिघडली असेल असं गृहीत धरून पोस्टग्रेस सगळीच कनेक्शन तोडतं आणि रिकव्हरी करून पुन्हा उभं राहतं. म्हणजे हिशोब पहिल्यापासून.

पोस्टग्रेसच्या कागदपत्रांत 'व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी' (आहे त्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करायची की नाही हे ठरवणारी कर्नलची सेटिंग) २, म्हणजे मर्यादेपलीकडे नकार, ठेवण्याचा सल्ला आहे. तसं ठेवल्यावर ओओएम थांबलं, पण आता रेडिसचा स्नॅपशॉट (मेमरीतला डेटा डिस्कवर उतरवणं) अडतो. लॉगमध्ये फोर्क (प्रोसेसने स्वतःचीच दुसरी प्रोसेस काढणं) करायला मेमरी मिळत नाही असं येतं. आणि स्नॅपशॉट फसला की रेडिस नव्या नोंदी घेणंच बंद करतं, त्यामुळे जॉबरच्या टॅबवर एरर. रेडिसवाले हीच सेटिंग १, म्हणजे नेहमी होकार, ठेवा म्हणतात. दोघांचं आपापल्या जागी बरोबर आहे, पण सेटिंग तर सगळ्या मशीनला एकच.

माझे प्रश्न: 'फ्री' कमांडमध्ये दहा जीबीच्या वर रॅम उपलब्ध दिसत असताना नकार का येतो? आणि तिघांना वेगवेगळ्या कंटेनरमध्ये ठेवलं तर ही सेटिंग प्रत्येकाला वेगळी देता येईल का?

विजापूर वेस:

कंटेनरचं आधी सांगतो. नाही देता येणार. नेटवर्कच्या काही सेटिंग (उदा. सोमॅक्सकॉन) नेमस्पेसप्रमाणे (प्रत्येक कंटेनरच्या कप्प्याप्रमाणे) वेगळ्या असतात, शेअर्ड मेमरीच्या मर्यादाही. पण ओव्हरकमिट आणि स्वॅपिनेस (स्वॅपकडे किती लवकर वळायचं) यांची 'व्हीएम' मधली किल्ली सगळ्या कर्नलला मिळून एकच. कंटेनरने तुम्हाला सीग्रुपची (प्रोसेसच्या एका गटापुरती) मेमरी मर्यादा मिळेल, आणि ती तर सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीमधूनही लावता येते.

आता नकाराबद्दल. '/प्रॉक/मेमइन्फो' मधल्या 'कमिटलिमिट' आणि 'कमिटेड_एएस' या दोन ओळी टाका. स्नॅपशॉट चालू नसतानाच्या.

धागाकर्ता:

धन्यवाद दादा. कमिटलिमिट साधारण १८ जीबी, कमिटेड_एएस १७ च्या आसपास.

विजापूर वेस:

मग उत्तर समोरच आहे. २ वर ठेवलं की कर्नल किती रॅम खरोखर वापरात आहे ते बघत नाही, किती मेमरी द्यायचं कबूल केलंय ते मोजतो. मर्यादा म्हणजे स्वॅप अधिक रॅमचा ठरावीक टक्का, आणि तो टक्का ('ओव्हरकमिट_रेशो') मुळात ५० असतो. २ अधिक १६, झाले १८. पोस्टग्रेसचे ८, रेडिसचे ४, जावाचे ४ आणि बाकी किरकोळ मिळून १७. आता रेडिस फोर्क करतं तेव्हा नवी प्रोसेस जुनीचीच पानं वापरते, बदललेल्या पानांचीच प्रत निघते. पण कागदावर मात्र तिच्या नावावर पुन्हा ४ जीबी लागतात. १७ आणि ४ म्हणजे २१. नकार येणारच, रॅम कितीही मोकळी दिसो.

टक्का ८० करा आणि स्वॅप ८ जीबी. मर्यादा साधारण साडेतेहतीसवर जाते. हा स्वॅप वापरात यावा म्हणून नाही, हिशोबात जागा हवी म्हणून. स्वॅपिनेस मुळात ६० असतो, तो १० करा.

साखर पेठ:

वरचं गणित बरोबर आहे, पण मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. मर्यादा रॅमच्या वर नेली की जुना ओओएम परत येऊ शकतो. तेव्हा कोण मरणार हे आधी ठरवून ठेवा, कर्नलवर सोडू नका. मजुरीचा हिशोब मोठा की रिपोर्ट, हे त्याला कळायचा मार्ग नाही.

पोस्टग्रेसच का बळी पडायचं तेही बघा. तुमच्या वितरणात पोस्टग्रेसच्या सर्व्हिस फाइलमध्ये मुख्य प्रोसेसला ओओएमच्या गुणांत उणे १००० चं संरक्षण असतं (गुण जास्त ती आधी मरते), मात्र तिने काढलेल्या प्रोसेसना शून्य. आणि ओओएमचे गुण मोजताना प्रोसेसने हात लावलेली शेअर्ड मेमरीही तिच्याच नावावर धरतात. म्हणजे शेअर्ड बफर्सभर फिरून आलेली प्रत्येक प्रोसेस सहा-सात जीबी खाणारी दिसते, जरी तिची स्वतःची मेमरी थोडीच असली तरी. जावाच्या युनिटमध्ये 'ओओएमस्कोरअ‍ॅडजस्ट' ५०० ठेवा, म्हणजे मरायची पाळी त्याच्यावर आधी येईल, आणि 'मेमरीमॅक्स' ६ जीबी. रिपोर्ट पुन्हा काढता येतो.

दुसरं, वर्क_मेम किती आहे? ओओएमचं मूळ मला तिथे दिसतंय.

धागाकर्ता:

२५६ एमबी, सगळ्यांना सरसकट. मॅक्स कनेक्शन १००, शनिवारी बहुतेक सगळी वापरात असतात.

साखर पेठ:

मग तेच. वर्क_मेम ही कनेक्शनमागची मर्यादा नाही, क्वेरीमधल्या प्रत्येक सॉर्ट आणि हॅशमागची आहे. मजुरीच्या क्वेरीत असे चार टप्पे असले तर एकाच माणसाचा एक जीबी, पॅरलल वर्कर आले की त्याच्याही पुढे. सरसकट १६ एमबी करा आणि मजुरी काढणाऱ्या रोललाच २५६ द्या. ते रोलपुरतं देता येतं, सगळ्या डेटाबेसला वाढवायची गरज नसते.

आणि ह्यूज पेजेस (४ केबीऐवजी २ एमबीची मोठी पानं) लावा, माझा या एका गोष्टीवर फार भर आहे. ८ जीबी शेअर्ड बफर्स ४ केबीच्या पानांनी जोडायचे म्हणजे वीस लाखांवर नोंदी, प्रत्येकी ८ बाइट. पूर्ण बफर्स फिरलेल्या एका प्रोसेसमागे १६ एमबी फक्त पेज टेबल (या नोंदींचा तक्ता), शंभर प्रोसेसमागे दीड जीबीच्या वर. 'फ्री' मध्ये हे वेगळं दिसत नाही, मेमइन्फोमधली 'पेजटेबल्स' ओळ बघा. 'व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस' ४३०० ठेवलीत तर ८.४ जीबी बाजूला निघतात. कमिटलिमिटचा टक्का मग उरलेल्या रॅमवर मोजला जातो, पण पोस्टग्रेसचे ८ जीबीही कमिटेडमधून जातात. पानं कमी पडली तर पोस्टग्रेस गुपचूप साध्या पानांवर जातं, म्हणून 'ह्यूज_पेजेस' ट्राय न ठेवता ऑन ठेवा. जागा नसेल तर सुरूच होणार नाही, पण लगेच कळेल तरी.

विजापूर वेस:

साखर पेठ यांच्या मुद्द्यात एक भर. हे म्हणजे ट्रान्स्परंट ह्यूज पेजेस (कर्नल आपोआप देतो ती) नव्हे, ती रेडिसला नको असतात, कारण फोर्कनंतर एक बाइट बदलला तरी २ एमबीची प्रत निघते. रेडिस ६.२ पासून ती स्वतःपुरती बंद करायची सोय आहे, त्यासाठी सगळ्या मशीनला हात लावू नका. आणि 'ट्यून्ड' (सिस्टमच्या सेटिंग आपोआप लावणारी सर्व्हिस) चालू आहे का ते बघा, त्याचं प्रोफाइल स्वॅपिनेस स्वतः ठरवतं आणि तुमच्या सिसकंट्रोलच्या फाइलशी भांडण होऊ शकतं.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. ओव्हरकमिट २ च ठेवतोय. रेशो ८०, स्वॅप ८ जीबी, ह्यूजपेजेस ४३००. नवं गणित केलं: (३२ − ८.४) चे ८० टक्के म्हणजे १८.९, अधिक ८, साधारण २७ ची मर्यादा. कमिटेडमध्ये आता ९ आणि स्नॅपशॉटच्या वेळी १३. वर्क_मेमसाठी चांगली जागा उरते. जावाचं युनिट आत्ताच बदललं, बाकीचं रविवारी कारखाना बंद असताना मशीन नव्याने सुरू करून लावतो, म्हणजे ह्यूज पेजेसना सलग जागा मिळेल.

एक राहिलं. रेडिसचा स्नॅपशॉट पाळी सुटायच्या वेळीच येतो, कारण तेव्हाच बदल जास्त होतात. तो आपोआप न ठेवता पाळीच्या मध्यावर क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) घ्यावा आणि मधल्या नोंदींसाठी अपेंड ओन्ली फाइल (प्रत्येक बदल शेवटी जोडत जाणारी) चालू करावी, असं मनात आहे. पण ती फाइल पुन्हा लिहितानाही फोर्क होतोच ना? कुणी असं चालवत असेल तर ते रीराइट कधी आणि कसं करता, सांगाल का?

साखर पेठ:

हो, तिथेही फोर्क होतोच. आपोआप होणाऱ्या रीराइटचा टक्का शून्य केला की ते बंद होतं, मग स्नॅपशॉट झाल्यावर त्याच क्रॉनमधून 'बीजीरीराइटएओएफ' द्या. आम्ही रात्रपाळीच्या मध्यावर देतो. फक्त डिस्कवर त्या फाइलला वाढायला जागा आहे ना, ते आधी बघून घ्या.