दुपारी चारला शटर पाडून कोरोना थांबतो का? सुरक्षित उघडायचं म्हणजे नक्की कसं?

पेठेतला_कापडवाला (3 ऑगस्ट 2021)

राज्य सरकारचा निर्बंधांचा कालचा आदेश वाचला असेलच सगळ्यांनी. 25 जिल्ह्यांत दुकानं रात्री आठपर्यंत, शनिवारी तीनपर्यंत, आणि आपलं पुणे उरलेल्या 11 मध्ये, कोल्हापूर सांगली साताऱ्याच्या रांगेत, म्हणजे परत चारलाच शटर आणि शनिवार रविवार कडकडीत बंद. जूनच्या आदेशात 10 लाखांवरच्या महापालिका जिल्ह्यापासून वेगळ्या धरल्या होत्या ना, मग आता शहराला ग्रामीणचे आकडे कशाला चिकटवताय? जूनमध्ये मधले काही दिवस सातपर्यंत चालू होतं तेव्हा काय आभाळ कोसळलं होतं?

मी सगळं उघडा म्हणत नाहीये हे आधीच सांगतो, एप्रिलमध्ये आमच्या गल्लीत काय झालं ते बघितलंय. पण लक्ष्मी रोडचं गिऱ्हाईक येतं ऑफिस सुटल्यावर, पाच ते आठ. ते आता दुपारी दोन ते चारमध्ये धावत येतं, म्हणजे जी गर्दी पसरली असती ती आपणच दाबून दोन तासांत बसवली. भाडं पूर्ण, पगार पूर्ण, लाईट बिल पूर्ण, गल्ला अर्धा. व्यापारी महासंघाने उद्यापासून सातपर्यंत उघडं ठेवायचं ठरवलंय, ठेवू पण, पोलीस येतील ते येतील. मला खरं विचारायचंय ते वेगळंच: घड्याळ सोडून दुसरा काही नियम असू शकतो का, ज्याने धंदाही चालेल आणि परत बेड शोधत फिरायला लागणार नाही?

वॉर्डड्युटी

दादा, विषाणूला घड्याळ कळतं असं कोणीच म्हणत नाही. चारला बंद केलं की पाचनंतर रस्त्यावर माणूस कमी दिसतो, चहा, पाणीपुरी, "आलोय तर जरा बघून जाऊ" हे सगळं कमी होतं, हेतू तो असतो. पण तुमचा गर्दी दाबल्याचा मुद्दा बरोबर आहे, कपड्याच्या दुकानात तर फारच.

माझा राग त्या पॉझिटिव्हिटी रेटवर आहे, म्हणजे शंभर टेस्टमागे किती पॉझिटिव्ह, ज्यावर हे निर्बंध ठरतात. टेस्ट कोण करतं त्यावर तो हलतो. गावात ताप आला की लोक डॉक्टरकडून गोळ्या घेऊन घरी बसतात, टेस्टला येतात ते दम लागल्यावर, मग रेट वर दिसणारच. आणि खाली आणायचा असेल तर बाजारात उभं राहून धडाधड अँटिजेन करा, आला खाली! म्हणून 25 जूनला फक्त आरटीपीसीआर धरायचं ठरलं ते चांगलं झालं. ऑक्सिजन बेड किती भरले हा आकडा जास्त प्रामाणिक आहे पण तो उशिरा बोलतो, आज बेड भरला म्हणजे माणसाला लागण होऊन दहा-पंधरा दिवस झाले.

आणि फेब्रुवारी विसरू नका कोणी. लग्नं जोरात, मास्क हनुवटीला, अमरावती-अचलपूरला 22 तारखेला लॉकडाऊन लागला तेव्हा बाकीचे म्हणत होते ते तिकडचं आहे. दोन महिन्यांत राज्यात ऑक्सिजन बनत होता साडेबाराशे टनांच्या आसपास आणि लागत होता सतराशेच्या वर. तो फरक आम्ही वॉर्डात बघितलाय.

नाशिकचा_हॉटेलवाला

तुम्हाला निदान आठ मिळायची आशा तरी आहे हो. आमच्या नाशकात दुकानं आठपर्यंत झाली पण हॉटेल चारलाच, 50 टक्के, शनिवार रविवार नुसतं पार्सल. चारपर्यंत जेवायला कोण येतं? मिसळ विका म्हणतात, बरं, विकतो, पण आमचा धंदा रात्रीच्या जेवणाचा. अर्ध्याच्या वर पोरं गावाला गेलीत ती परत यायला तयार नाहीत, आणि मी तरी कोणत्या तोंडाने बोलावू, पुढच्या महिन्यात पुन्हा बंद झालं तर?

बदलापूर_फास्ट

हॉटेल दुकान ठीक आहे, लोकलचं बोला. ऑफिस म्हणतं या, सरकार म्हणतं लोकल अत्यावश्यकवाल्यांना. मग बस, शेअर गाडी, नाहीतर खोटं ओळखपत्र. गाडीत सात जण काचा वर करून एसी लावून दीड तास, हे सुरक्षित, आणि दारं उघडी असलेली लोकल धोकादायक!! दोन डोस झालेत माझे, त्याचा उपयोग फक्त फोटोवाल्या सर्टिफिकेटपुरता.

आम्स्टेलवीनकर

इकडचं सांगतो, नेदरलँड्सचं, म्हणजे चांगलं आणि वाईट दोन्ही दिसेल. 28 एप्रिलला हॉटेलांच्या फक्त बाहेरच्या टेबलांना परवानगी दिली, दुपारी 12 ते 6. मग 19 मेला वेळ वाढवली, 5 जूनला आत बसायला, 26 जूनला जवळजवळ सगळं. साधारण तीन-तीन आठवडे मध्ये, म्हणजे एक दार उघडलं की त्याचा परिणाम बघायला जागा. आधी उघड्यावरचं, मग बंदिस्त, हा क्रम मला पटतो.

शेवटच्या पायरीला मात्र माती खाल्ली. नाईटक्लबही उघडले, टेस्ट किंवा लस दाखवा आणि आत नाचा. टेस्ट 40 तासांपूर्वीची चालत होती, जॉन्सनची लस घेतली की त्याच दिवशी पास मिळत होता, चौदा दिवस थांबायची अटच काढलेली. दोन आठवड्यांत रोजचे पेशंट शेकड्यांतून दहा हजारांवर, 10 जुलैला क्लब परत बंद आणि 12 तारखेला पंतप्रधान रुटे यांनी चक्क माफी मागितली. पास हा कागद आहे, खोलीतली हवा त्याने बदलत नाही.

कापडवाले काका, तुमचं दुकान एसी आहे का?

पेठेतला_कापडवाला

आहे. काच बंद, एसी चालू, साड्यांवर धूळ नको म्हणून. आता हसू नका.

वॉर्डड्युटी

हसत नाहीये, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. मे महिन्यात केंद्राच्या विज्ञान सल्लागारांच्या कार्यालयाने स्वच्छ लिहून दिलं होतं की मोठे थेंब दोन मीटरमध्ये पडतात पण बारीक कण हवेत 10 मीटरपर्यंत जातात, दारं-खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा. कोणी वाचलं? आपण अजून दारात थर्मामीटरची बंदूक आणि काउंटरवर सॅनिटायझरची बाटली ठेवून समाधानी. नियम असा करा ना: समोरासमोर दारं उघडी, एक्झॉस्ट चालू, आत इतकीच माणसं, तर खुशाल नऊपर्यंत ठेवा. काच बंद असेल तर चार. घड्याळ तपासायला हवालदार पुरतो, हवा तपासायला कोणी नाही म्हणून घड्याळाचा नियम येतो, असं माझं मत.

नाशिकचा_हॉटेलवाला

ताई मला पटलं, गच्चीवर टेबलं टाकायला मी आज तयार आहे, पण गच्चीची परवानगी कोण देणार? ती मागितली की कोरोनाच्या आधीचे सगळे नियम बाहेर निघतात.

पेठेतला_कापडवाला (12 ऑगस्ट)

धागा वर काढतोय कारण बरंच बदललं. पुण्याला 9 तारखेपासून आठ मिळाले, आता 15 ऑगस्टपासून दहा, हॉटेलंही 50 टक्क्यांत दहापर्यंत, आणि बदलापूरवाल्यांना दोन डोसवर लोकल, अभिनंदन. शिवाय सरकारने सांगितलंय की राज्याची ऑक्सिजनची गरज रोज 700 टनांवर गेली की पुन्हा लॉकडाऊन. ताई म्हणतील हा आकडा उशिरा बोलतो, पण धंद्याच्या बाजूने सांगतो, मला हे आवडलं. आकडा आधीच माहीत असेल तर मी 400 झाले की दिवाळीची ऑर्डर थांबवू शकतो, रात्री नऊला टीव्हीसमोर बसून धडधडत नाही.

गोची दुसरीकडे आहे. कामगारांचे दोन्ही डोस आणि वर चौदा दिवस पाहिजेत. माझी चारही पोरं पंचविशीच्या आतबाहेरची, त्यांना लस मिळायला लागली 22 जूनपासून, कोविशील्डला 84 दिवस थांबा, म्हणजे पहिल्याच दिवशी घेतली असती तरी सप्टेंबरचा मध्य, आणि चौदा धरले तर महिनाअखेर. गणपती 10 सप्टेंबरला! मॉलवाल्यांचीही हीच रड आहे. मी तूर्तास वडील आणि काकांना काउंटरवर बसवणार, दोघांचे दोन्ही डोस झालेत, आणि पोरं माल काढायला वरच्या गोडाऊनमध्ये. काच काढून टाकली, एक्झॉस्ट लावला, साड्यांना प्लॅस्टिक घातलं.

वॉर्डड्युटी

म्हणजे सत्तरीतली दोन माणसं दिवसभर गिऱ्हाइकासमोर आणि तरणी पोरं आत, नियमाने सगळं बरोबर. दोघांना एन-95 मास्क घाला, कापडी नको. आणि त्या गोडाऊनला खिडकी आहे का?