पॉलिप काढल्यावर पुढची कोलोनोस्कोपी: सगळ्यांना सरसकट 3 वर्षं का?

निशिगंध:
पॉलिप म्हणजे मोठ्या आतड्याच्या आत वाढणारे छोटे कोंब; कोलोनोस्कोपीत, म्हणजे आतड्यात कॅमेऱ्याची नळी घालून केलेल्या तपासणीत, ते काढतात. पुढची तपासणी कधी, हे आज ठरतं ते पॉलिप किती, केवढे आणि बायोप्सीत काय निघालं यावर. 2020 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार 10 मिमी किंवा त्याहून मोठा ॲडिनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारा पॉलिप), तीव्र डिस्प्लेसिया (पेशींमधले कॅन्सरकडे झुकणारे बदल) किंवा 5 व त्याहून जास्त ॲडिनोमा असतील तर 3 वर्षांनी बोलावतात. 10 मिमी किंवा त्याहून मोठे किंवा डिस्प्लेसिया असलेले सेरेटेड (सूक्ष्मदर्शकाखाली करवतीच्या दातांसारखे दिसणारे) पॉलिपही त्यातच. बाकीचे पुन्हा नेहमीच्या स्क्रीनिंगमध्ये.

आता 74 वर्षांचे गृहस्थ घ्या. 11 मिमीचा एकच ॲडिनोमा, पूर्ण निघालेला, आतडं स्वच्छ, पण हृदयविकार आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू. दुसरीकडे 52 वर्षांच्या बाई, 6 ॲडिनोमा, स्क्रीनिंगच्या चाचणीत शौचातल्या रक्ताचा आकडा खूप वर. दोघांनाही तीच तारीख? मला हे पटत नाही. तो आकडा तर आधीच नोंदलेला असतो, आणि रक्त जास्त तितकी गंभीर पॉलिप असण्याची शक्यता जास्त. तरी पॉलिप काढले की त्याकडे कुणी बघत नाही. माझं म्हणणं, हे सगळं कॅल्क्युलेटरमध्ये घालून प्रत्येकाची जोखीम काढावी आणि तारीख त्यावरून ठरवावी.

तटबंदी:
साफ असहमत. नियम साधा आहे म्हणून थोडाफार तरी पाळला जातो. आणि 3 वर्षं हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेच्या नॅशनल पॉलिप स्टडीत (1993) एका गटाला 1 आणि 3 वर्षांनी तपासलं, दुसऱ्याला फक्त 3 वर्षांनी. गंभीर पॉलिपचं प्रमाण दोन्हीकडे साधारण 3 टक्के निघालं. अंतर वाढलं ते अशा चाचणीमुळे, कॅल्क्युलेटरमुळे नाही.

शिवाय पॉलिप नजरेतून सुटतात ते पहिल्याच तपासणीत. 2014 साली तीन लाखांहून जास्त कोलोनोस्कोपींचा अभ्यास आला: डॉक्टरांचं ॲडिनोमा सापडण्याचं प्रमाण 1 टक्क्याने वाढलं की दोन तपासण्यांच्या मधल्या काळातल्या कॅन्सरची जोखीम 3 टक्क्यांनी घटते. ताकद तिथे लावा.

निशिगंध:
अहो, मग त्या पहिल्या तपासणीचा दर्जा पुढच्या तारखेत का नको? आतडं किती साफ झालंय हे मोजणाऱ्या बॉस्टन स्केलवर आतड्याच्या तिन्ही भागांना 0 ते 3 गुण देतात. उजवीकडे 1, मध्ये 2, डावीकडे 3 : बेरीज 6, कागदावर ठीकच दिसतं. पण उजव्या बाजूला मळ राहिलाय, आणि चपटे सेरेटेड पॉलिप नेमके तिकडेच लपतात. अशा माणसाला 3 वर्षं थांबवायचं?

तटबंदी:
नाहीच थांबवायचं. कुठल्याही भागाला 2 पेक्षा कमी गुण म्हणजे तयारी अपुरी. वर्षाच्या आत पुन्हा करा, हेही नियमातच आहे. अलीकडे आणायला माझी ना नाही. धास्ती आहे ती लांबवण्याची. तपासणीसाठी थांबलेल्यांची यादी तुंबली की 'तुमची जोखीम कमी आहे' म्हणणं फार सोपं होतं, आणि रुग्णाला ते तपासून बघता येत नाही.

अबोली:
माझ्या आईचे पॉलिप काढलेत, म्हणून लिहितेय. आदल्या दिवशीचं ते जुलाबाचं औषध, रात्रभर उठबस, भूल, वयामुळे वाढलेला रक्तस्रावाचा धोका, हे सगळं तिच्या वाट्याला येतं. तारीख लांबवली तर माझी हरकत नाही, पण कशावरून, ते रिपोर्टवर लिहून द्या. आणि मधल्या काळात रक्त दिसलं, वजन घटलं तर तारखेची वाट न बघता यायचं, हेही लिहा.

निशिगंध:
अबोली, लेखी कारण हवंच, आणि तटबंदींची धास्तीही खरी आहे. युरोपात ईपॉस या चाचणीत वेगवेगळ्या अंतरांची तुलना चालू आहे. तरुण, धडधाकट माणसाचं अंतर तिचे निकाल येईपर्यंत वाढवू नये. पण 74 वर्षांच्या त्या गृहस्थांना पुढची तपासणी हवी आहे का, हे विचारायला कुठल्या निकालाची गरज आहे?

तटबंदी:
विचारा की. फक्त यादी किती लांब आहे ते बाजूला ठेवून विचारा.