अध्ययन अक्षमता आणि मतिमंदत्व यांत नेमका फरक काय?

प्रश्न – चौथीतल्या मुलाची आई
माझा मुलगा ‘बदक’ हा शब्द ‘दबक’ असा वाचतो आणि ‘घर’ लिहायला सांगितले तर ‘धर’ लिहितो; मात्र बाजारात ३५ आणि ४८ रुपयांची बेरीज तो भाजीवाल्याच्या आधी तोंडी सांगतो. तपासणीच्या अहवालात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ असे लिहिले आहे, पण वर्गशिक्षिका त्याला सर्वांदेखत ‘मतिमंद’ म्हणाल्या. त्या दिवसापासून त्याने दप्तर उघडलेले नाही. या दोन्ही संज्ञांचा अर्थ एकच आहे का?

उत्तर – विशेष शिक्षिका
ताई, अर्थ अजिबात एक नाही. ज्याला पूर्वी मतिमंदत्व म्हणत आणि आता बौद्धिक अक्षमता म्हणतात, त्यात विचार करण्याची क्षमता आणि वयानुरूप दैनंदिन व्यवहार या दोन्हींवर लक्षणीय मर्यादा असतात. विशिष्ट अध्ययन अक्षमतेत बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एका किंवा अधिक ठिकाणी अडचण येते आणि तिचे कारण दृष्टिदोष, श्रवणदोष किंवा शिकण्याची संधी न मिळणे हे नसते. तुमच्या मुलाची तोंडी बेरीज हेच सांगते आहे. देवनागरीत घ-ध, भ-म, ब-व या जोड्या अनेक मुले सुरुवातीला चुकतात. चौथीतही त्या सुटत नसतील, तर मात्र लक्ष द्यायलाच हवे.

उत्तर – जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक
गोंधळाचे एक कारण कायद्यातही आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि अध्ययन अक्षमतेला प्रथमच स्थान दिले, परंतु अनुसूचीत ती ‘बौद्धिक अक्षमता’ या शीर्षकाखालीच छापली आहे. वर्गात मात्र हा फरक फार मोलाचा ठरतो, कारण बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी अनेकदा अभ्यासक्रमच बदलावा लागतो, तर तुमच्या मुलाला तोच अभ्यासक्रम वेगळ्या वाटेने द्यायचा आहे: धडा वाचून दाखवणे, अक्षर वाळूत गिरवून घेणे, उत्तर तोंडी घेणे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख याच कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे.

उत्तर – विशेष शिक्षिका
सरांच्या मुद्द्याला एक जोड देते. क्षती, अक्षमता आणि बाधा हे तीन शब्द वेगळे ठेवावेत. डोळ्याच्या पडद्याला इजा झाली ही क्षती, त्यामुळे छापील मजकूर वाचता येत नाही ही अक्षमता, आणि शाळेत ब्रेल पुस्तक नाही म्हणून मूल मागे पडते ही बाधा. तुमच्या मुलाची वाचनाची अडचण ही अक्षमता आहे. सर्वांदेखत मिळालेला तो शब्द ही बाधा आहे आणि ती दूर करणे शाळेच्या हातात आहे. अहवालाची प्रत मुख्याध्यापकांना लेखी अर्जासह द्या आणि मुलासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करण्याची मागणी करा.

चौथीतल्या मुलाची आई
आपल्या दोघांचीही मनापासून आभारी आहे. अर्ज आज रात्रीच लिहिते. वाळूचे ताट मात्र आताच मांडले आहे. त्याने ‘घ’ दोनदा गिरवला.