मंडळीच्या पैशाचा वाद धर्मादाय आयुक्तांकडे नेला तर ऐक्य मोडतं का?

जुना पंच

सर्वांना सलाम. आमची मंडळी, म्हणजे चर्चच्या सभासदांची संस्था, नगर जिल्ह्यातली, गावाचं नाव घेत नाही. मिशनच्या काळातली जागा आज मोक्याच्या रस्त्यावर आली आहे आणि तिथले गाळे भाड्याने दिलेत. भाडं किती, करार किती वर्षांचा, पैसे कुठल्या खात्यात जातात, असं वार्षिक सभेत एका तरुणाने उभं राहून विचारलं. व्यासपीठावरून उत्तर आलं, "भावांनो, आपण प्रार्थना करू या." आणि खरोखरच प्रार्थना झाली, आशीर्वाद झाला, चहा आला. पुढच्या रविवारपासून त्या पोराला 'फूट पाडणारा' हे नाव पडलं.

माझं मत सरळ आहे. हिशेब मागणं म्हणजे फूट नव्हे. ख्रिस्ताचा प्रेषित पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेत होता, तेव्हा त्याने पैसे एकट्याच्या हाती ठेवले नाहीत. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला भाऊ दिला. एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये म्हणून, असं कारणही त्याने लिहून ठेवलंय (बायबलमधलं त्याचं पत्र, २ करिंथ ८). पौलाला जे कमीपणाचं वाटलं नाही ते आमच्या सेक्रेटरींना का वाटावं? भावाची चूक असेल तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायाप्रमाणे आधी एकट्याने भेटावं, मग दोघांतिघांनी, मग मंडळीपुढे मांडावं. तिथेही दाद लागली नाही तर धर्मादाय आयुक्तांकडे, म्हणजे ट्रस्टांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा. यात पाप कुठलं?

पाळकाची लेक

पंचकाका, मत्तय १८ तुम्ही अर्धंच वाचलंत. मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परराष्ट्रीय आणि जकातदारासारखा, म्हणजे बाहेरचा, समजा, एवढंच तिथे आहे. सरकारी कचेरीत जा असं नाही. आणि १ करिंथ ६ चं काय? भाऊ भावावर फिर्याद करतो आणि तीही विश्वास न ठेवणाऱ्यांपुढे, म्हणून पौल चिडलाय. त्यापेक्षा अन्याय सोसा, नुकसान सोसा, असं तो म्हणतो.

माझे वडील पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, होते. त्यांच्या एका मंडळीत असाच अर्ज गेला. दोन गट, दोन सेक्रेटरी, दोघांचेही लेटरहेड बँकेत. बँकेने खातं गोठवलं. पाळकाचा पगार त्याच खात्यातून निघायचा, तो थांबला. आई किराणा उधारीवर आणायची आणि दुकानदार विचारायचा, "चर्चचा निकाल लागला का?" उपासनाही दोन झाल्या, एक आठला आणि एक साडेदहाला. नाताळात फाटकावर पोलीस उभे. तुम्ही म्हणता फक्त अर्ज. तो अर्ज पुढे कोणाकोणाच्या घरात शिरतो हे मी पाहिलंय.

जुना पंच

बाई, वाचून वाईट वाटलं. पण पगार अर्जामुळे थांबला की दोन सेक्रेटऱ्यांमुळे? आणि अन्याय सोसावा हे पौल ज्याचं नुकसान झालंय त्याला सांगतोय. भाड्याचे पैसे माझे असते तर सोडून दिले असते. ते मंडळीचे आहेत, विधवांच्या दहा-दहा रुपयांतून आलेल्या अर्पणाशेजारचे आहेत. दुसऱ्याचं नुकसान सोसायचा अधिकार मला कोणी दिला? पौलाने स्वतः कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली, हेही पवित्र शास्त्रातच आहे.

पाळकाची लेक

कैसराकडे तो स्वतःवरच्या आरोपातून सुटायला गेला, भावाला खाली खेचायला नाही.

ट्रस्टचा वकील

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटतेय. मंडळीची मालमत्ता नोंदणीकृत ट्रस्टच्या नावावर असेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने हिशेब ठेवणं आणि तपासून घेणं बंधनकारकच आहे. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी माहिती, धर्मादाय कार्यालयात द्यावी लागते. इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर कलम ३६ खाली आधी परवानगी हवी. तेव्हा पंचांनी आधी करारनामा पाहावा. मुदत जास्त आणि परवानगी नाही असं निघालं, तर प्रश्न भावाभावांच्या भांडणाचा राहतच नाही.

ऐक्याबद्दलही थोडं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अमेरिकन मेथॉडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. जे आत आले त्यांनी ठराव केले, एकत्र प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस) घेतलं, पण जमिनींचे कागद पुष्कळ ठिकाणी होते तसेच राहिले. त्या सहांपैकीच एक असलेल्या ब्रदरन पंथाच्या गुजरातमधल्या मंडळीचा खटला त्यातूनच उभा राहिला आणि थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१३ ला निकाल आला: विलीनीकरणाच्या नुसत्या ठरावाने ट्रस्टची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही, कायद्याची रीत पाळावी लागते. म्हणजे ऐक्यानंतर चार दशकांनी! त्या वेळी कोणी कागदांचं बोललं असतं तर त्यालाही अविश्वासू म्हटलं असतं, अशी मला दाट शंका आहे.

वसईचा

आम्ही कॅथलिक, आमची रचना वेगळी. कॅनन लॉ म्हणजे आमच्या चर्चच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) अर्थसमिती असावीच लागते, कागदावर छान आहे. पण ती सल्ला देते, निर्णय फादरांचा. फादर चांगले असले की हिशेब नोटीस बोर्डावर लागतो, नसले की समितीतले लोक माना डोलावतात. निवडणूक नाही म्हणून तुमच्यासारखी पॅनेलं नाहीत, एवढंच सुख.

स्पष्टवक्ता

कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. हिशेब हा बहाणा आहे. आमच्या भागात कमिटीची निवडणूक म्हणजे भावकी आणि मूळची जात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, तरी सोयरीक जुळवताना 'मूळचे कोण' हे हळूच विचारतातच. मतंही त्याच हिशेबाने पडतात. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांना १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढावासा वाटला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र बसवावेसे वाटले, ते उगाच नाही. पंचसाहेब, तो प्रश्न विचारणारा तरुण कुठल्या गटातला, ते सांगा बघू.

जुना पंच

दुसऱ्या गटातला. म्हणजे माझ्या विरोधातला, मागच्या निवडणुकीत त्याच्या चुलत्याने मला पाडलंय. म्हणून प्रश्न खोटा ठरतो का? करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला श्रीमंत आधी खाऊन घेतात आणि गरीब उपाशी राहतात, ही खबर पौलाला ख्लोवे नावाच्या बाईच्या घरच्यांनी दिली की आणखी कोणी, माहीत नाही. तो खबर देणाऱ्याचा गट विचारत बसला नाही.

संडेस्कूलची ताई

आमच्याकडे सुगीच्या सणाला धान्य, कोंबड्या, अंडी, भोपळे येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एक नारळ तीन-तीनदा विकला जातो, घेणारा परत अर्पण करतो, मुलं ओरडत असतात. खजिनदार लिलाव संपेपर्यंत जागचे हलत नाहीत. प्रत्येक बोली फळ्यावर खडूने लिहितात, बेरीज सगळ्यांसमोर. कधी वाद नाही. गाळ्यांच्या भाड्याला फळा का नको, हे मला कळत नाही.

पाळकाची लेक

ताई, फळ्याला माझा विरोध नाहीच! काकांना एवढंच विचारते: अर्ज करण्याआधी पाळकाच्या पगाराचं खातं वेगळं काढून घ्याल का? आणि उपासनेवर, चर्चच्या कुलपावर कुठलाही मनाई हुकूम मागणार नाही, असं लेखी द्याल?

जुना पंच

पगाराचं मान्य. पुढच्या सभेत पहिला विषय तोच घेतो, करारनामा वाचून दाखवण्याचा दुसरा. कुलपाचं लेखी देतो. पण करारनामा वाचलाच नाही तर अर्ज जाणार.

पाळकाची लेक

मग त्यावर माझ्यासारख्यांची सही मिळणार नाही. पगाराबद्दल मात्र आभार.

ट्रस्टचा वकील

सह्या घ्याल तेव्हा एक बघा. सही करणारा प्रत्येकजण मंडळीच्या चालू यादीत हवा, वर्गणीच्या पावत्यांसकट. समोरची बाजू पहिली हरकत तिथेच घेते.